अर्ध्या वाटीचा जावई

...आन् वर मॅडम म्हणत्यात, ध्येय ठरवा! तुमाला सांगतो मंडळी, ध्येय ठरवायला माझी ना न्हाय, पण ध्येय ठरवून माणूस घरी जातो, घरी बायको असती, बायकोला आई असती, त्या आईला जावई असतो, आन् तो जावई मीच असतो... ह्याचा इचार आमच्या आहारवाल्या वैष्णवी मॅडमच्या त्या भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात कुठं केलाय का? न्हाय मॅडम, तुमी बसा. दर महिन्याला ह्या दवाखान्याच्या माडीवर आमा आपरेशनवाल्यांची बैठक घेता, एकेकाला उठून बोलायला लावता, टाळ्या वाजवता. आज माझी पाळी हाय, तर मला बोलू द्या. ती मागच्या रांगेतली नवी मंडळी हायत, ज्यांचं आपरेशन अजून व्हायचंय, त्यांनी तर कान दिऊन ऐका. डाक्टर तुमाला सांगतील, दुर्बिणीनं करत्यात, पोटाचा मोठा भाग काढून टाकत्यात, केळ्याएवढी पिशवी ऱ्हाती, चार दिवसात घरी. खरं हाय. डाक्टरांनी एका शब्दाचं खोटं सांगितलं न्हाय. पण डाक्टरांनी कापलं ते पोट माझं. आमच्या बारामती-इंदापूरचा आग्रह कुणी कापायचा? पोट वाटीएवढं आन् आग्रह घमेल्याएवढा... जगावं कसं माणसानं?

मी विजयसिंह, जळोचीचा. कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून हाय. म्हंजे दिवसभर दुसऱ्याची वजनं बघायची आन् संध्याकाळी आपलं घिऊन घरी जायाचं, अशी माझी नोकरी. तर पहिल्या भेटीला मॅडमनी मला इचारलं, काका, तुमचं ध्येय काय? म्या म्हणलं, वजन उतरवायचं. त्या म्हणल्या, "किलो सोडा हो काका. आत्ता जे करता येत नाही आणि करावंसं वाटतं, असं काय आहे?" आन् माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, मला पंगतीत मांडी घालून बसायचंय.

हसू नका. ज्यानं भोगलंय त्यालाच कळंल. कुणाच्या बी लग्नाला जावा, पंगत बसायची भुईला आन् मला येगळी खुर्ची. त्या खुर्च्यांच्या रांगेत कोण? तर गुडघं गेलेली म्हातारी-कोतारी, कुणाला ऐकू येत न्हाय, कुणाला दात न्हायत, आन् त्यांच्या मदी मी, ऐन चाळिशीतला. वाढपी बी लांबनंच वरडायचा, ह्यास्नी दोन ताटं लावू का? मी हसून न्यायचो. पण लई लाज वाटायची ओ. घास घशाखाली उतरायचा न्हाय... म्हंजे उतरायचा, चांगला उतरायचा, पण लाजंसकट उतरायचा. त्याच लाजंपायी आपरेशन केलं, साखर आन् गुडघं नंतर.

मग मॅडमचं नियम सुरू झालं. आधी डाळ, मटकी, अंडं, पनीर, मग भाजी, आन् जागा उरली तर चतकोर भाकरी. उरती का जागा? न्हाय उरत. घास बोराएवढा. चावायचा कुठवर, तर त्याचं पीठ होईस्तोर. जेवताना पाणी प्यायचं न्हाय. गोड फकस्त जिभंला लावायचं. आन् पोट भरलं की तितंच थांबायचं, म्होरं अमृत असलं तरी. तुमाला सांगतो, म्या सगळं पाळलं. जो माणूस उभ्या उभ्या डझनभर भजी खायाचा, तो अर्धी वाटी मटकी घिऊन घटकाभर रवंथ करत बसायचा, गोठ्यातली गाय बी माझ्याकडं वळखीनं बघायला लागली. पण गुण आला. माणूस निम्मा झालो. एक दिवस घरात सहज खाली बसलो आन् मांडी घातली गेली, तर माझी बायको माधवी चुलीम्होरच रडायला लागली.

हितवर सगळं झ्याक. आता इंदापूरकडं चला.

माझी सासुरवाडी तिकडं, उजनीच्या पाण्याच्या कडंला. लग्न ठरलं तवा मला तितं कुणी गिनत न्हवतं. सासरे दादासो, त्यास्नी पायजे हुता बागाईतदार जावई, गावला काट्यावरचा कारकून. मेव्हणा युवराज, तो माझ्याशी उसाच्या टनाबिगर दुसरं बोलायचा न्हाय. पण सासू! बानूबाई. आमी मामी म्हणतो. तिनं पहिल्याच पंगतीला मला जेवताना बघितलं आन् ती त्या दिवसापासनं माझी झाली. गावभर सांगत सुटली, माझ्या जावयावाणी जेवणारा तालुक्यात न्हाय, वाढणारीचा हात दुखंल पण त्याचा न्हाय दुखायचा. भावकीतल्या बाया मला जेवताना बघायला यायच्या ओ, भिताडाला टेकून उभ्या ऱ्हायच्या. म्हंजे बघा, माझी तितली समदी किंमत माझ्या भुकेवर हुती. रूप न्हाय, रान न्हाय, भूक हाय. आन् ती भूकच म्या बारामतीत कापून ठिवली. आता हे सांगणार कुणाला? माधवी म्हणली, आईला कळलं तर ती अन्न सोडंल. मग आमी सांगितलं, मुतखडा काढला.

आन् मग लागला की ओ अधिक महिना. धोंड्याचा महिना! तीन वर्षातनं एकदा येतो, आन् येतो तो थेट जावयाच्या मानगुटीवर. त्या महिन्यात जावई म्हंजे नारायण. पाय धुत्यात, कापडं करत्यात, बोटात अंगठी घालत्यात, आन् मग पुरणाचं धोंडं. कणकंत पुरण भरून उकडलेला हा एवढा गोळा, वर तुपाची धार. तेहतीस करत्यात. ते वाणाचं असत्यात, समदं खायाचं नसत्यात, हे मला बी म्हाईत हाय. पण मागच्या धोंड्याला म्या किती हाणलं हुतं, ते मामीनं पार सोयऱ्या-धायऱ्यांत पोचवून ठिवलेलं. पोट वाटीएवढं आन् आग्रह घमेल्याएवढा, आन् हितं तर आग्रहाच्या जोडीला धर्म बी उभा.

गेलो. दारात उतरलो, तर मामी पाय धुवायला परात घिऊन उभी. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, गाडीत बघितलं, आन् माधवीला म्हणली, "अगं, निम्मा जावई कुठं सांडला?" मग पाय धुता धुता पोरीलाच फैलावर घेतलं, की तू ह्येला उपाशी ठिवतीस, सकाळची उठत नसशील, मोबाईल बघत बसत असशील. माधवी गप. मी बी गप. बोलायचं तर मुतखड्यानं एवढा माणूस कमी हुतो का, ह्याचं उत्तर द्यावं लागंल.

दुपारी पंगत पडली. सगळी भावकी ओसरीवर. युवराज सवयीनं खुर्ची आणायला निघाला. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे. आन् तुमाला सांगतो, म्या पाटावर मांडी घातली. चारचौघात, खाली, सगळ्यांच्या रांगेत. माझं डोळं भरून आलं ओ. वाटलं मॅडमना तितनंच फोन लावावा, मॅडम, गाठलं ध्येय! आन् डोळं पुसून म्होरं बघतो, तर ताट. ताट न्हवं, खळं हुतं ते. धोंडं रचलेलं, कटाची आमटी, भात, कुरड्या, भजी, आन् तूप असं की वाटीतनं बाहीर येऊन मलाच हुडकतंय.

म्या नियमानं सुरवात केली. आधी आमटीतली डाळ निवडून खाल्ली. मग धोंड्याचा बोराएवढा घास घेतला आन् लागलो चावायला. आता आमच्याकडं जावयानं तोंडात घातल्याबिगर कुणी जेवत न्हाय, आन् जावई एक घास गिळायच्या आत पंगतीचा अर्धा धोंडा संपलेला. अर्ध्या धोंड्याला माझी पिशवी भरली. घशाशी आलं. म्या ताटावर हात आडवा धरला.

बारामतीच्या दवाखान्यात ताटावर हात धरला तर मॅडम शाबास म्हणत्यात. इंदापुरात धोंड्याच्या ताटावर जावयानं हात धरला तर त्याचा अर्थ एकच. जावई रुसला.

मामीनं दादासोंकडं बघितलं, दादासोंनी युवराजकडं बघितलं, आन् युवराज माझ्या कानाशी आला. काय म्हणतो, दाजी, अंगठी तर केलीया, पण आणि काय मनात असंल तर मोकळं बोला. म्या म्हणलं, आवं काय नको मला. आता ही माझी चूक. आमच्या भागात जावई "काय नको" म्हणला की सासरा हादरतो, कारण काय नको म्हंजे लई मोठं पायजे. युवराज परत गेला, कुजबुज झाली, परत आला. म्हणला, गळ्यातली साखळी करू. म्या हात जोडलं, नको ओ. परत गेला. भावकीतला एक म्हातारा मुद्दाम मोठ्यानं म्हणला, वरच्या आळीच्या जावयाला औंदा बुलेट दिली म्हणं. युवराजचं तोंड उतरलं. शेवटी दादासो सोता उठलं, हात धुतलं, माझ्याम्होरं आलं, आन् जो माणूस लग्नापासनं माझ्याशी सरळ बोलला न्हवता तो म्हणला, "जावईबापू, गोठ्यातली मुऱ्हा म्हस तुमची. पण ताटावर न्हाय रुसायचं." म्या नको म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणला, बरं, रेडकासकट.

आता सांगा, मी काय करायचं? खरं बोलावं तर भरल्या पंगतीत बायको मायबापाशी खोटं बोलल्याचं उघडं पडतंय. न बोलावं तर म्हस घरी येतीय. माधवी वाढायच्या निमतानं वाकली आन् हळूच म्हणली, आवो, आईच्या तोंडाकडं तरी बघा. बघितलं. मामी दाराच्या चौकटीला धरून उभी हुती, हातात तुपाचं भांडं तसंच. मग ती म्होरं आली, गुडघ्यावर बसली आन् हात जोडून म्हणली, "जावईबापू, माझं काय चुकलं असंल तर पोटात घाला."

पोटात घाला! मंडळी, पोट हाय कुठं? पण त्या हात जोडलेल्या बाईम्होरं माझं काय चालंना. म्या इचार केला, टाकं जाऊंदे तुटून. उचलला धोंडा आन् खाल्ला. मामीचं तोंड उजळलं. दुसरा खाल्ला, न चावता, पहिल्यावाणी. युवराज हसला. दादासो परत जाग्यावर बसलं. तिसऱ्याला मामीनं वरनं तूप सोडलं आन् ते बी मी गिळलं.

मग काय सांगू तुमाला... अंगाला दरदरून घाम, छाती अशी धडधडाय लागली की शेजारच्याला ऐकू जावी, हात कापायला लागलं, डोळ्याम्होरं अंधारी. मॅडम नेहमी सांगत्यात ना, गोड एकदम खाल्लं की असं हुतं, ते सगळं एका झटक्यात झालं. मी पाटावरनं आडवा झालो तो थेट कुरड्यांच्या परातीत. त्या ध्येयाच्या मांडीवरनं, मॅडम, मी आडवा झालो! एकच गलका उठला. कुणी म्हणलं दिष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. कुणी म्हणलं उचला, गाडी काढा. युवराज घाबरून चावी हुडकत पळतोय, माझ्या कानाशी म्हणतोय, दाजी, बुलेट पक्की, पण डोळं उघडा. मला वाटलं, मी हितं मेलो तर हे माझ्या तेराव्याला बुलेट आणून उभी करतील.

बाजल्यावर घातलं मला. वारा घातला. जरा जीव जाग्यावर आला तवा म्या सगळ्यांदेखत सांगून टाकलं. म्हणलं, मला गाडी नको, साखळी नको, म्हस नको. माझा मुतखडा न्हवता. माझं पोट कापलंय. वाटीएवढंच ठिवलंय. मी खाऊच शकत न्हाय.

माधवीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. हितं जी काय इज्जत हुती ती भुकंची हुती, आता ह्या घरात मला कुणी पाणी इचारायचं न्हाय. मामी माझ्या उशाला बसली. मग इतकंच इचारलं, म्हंजे धोंडं आवडलं न्हायत असं न्हाय? म्या म्हणलं, मामी, लई आवडलं. बसत न्हायत. आन् ती एवढी कणखर बाई, हमसून हमसून रडाय लागली ओ.

"मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली," म्हणली. "डोळ्याला नीट दिसत न्हाय आता. गूळ अंदाजानं घालती, मीठ अंदाजानं. घरातली बोलत न्हायत, पण आमटी ताटात ठिवून उठत्यात. म्हणलं, जावई येऊंदे. त्यानं खाल्लं म्हंजे समजायचं, अजून हात बरा हाय."

तुमाला सांगतो, मी माझ्या भुकंची काळजी करत बसलो हुतो आन् ही बाई आपल्या हाताची. तीन वरसं वाट बघत हुती ती माझ्या जेवणाची. म्या तिचा हात धरला आन् सांगितलं, मामी, मिठाचा खडा इकडचा तिकडं झालेला न्हाय. खरंच झाला न्हवता.

हितं गोष्ट संपायला पायजे हुती. कुणी बी शाना माणूस हितं थांबला असता. पण म्या काय केलं, तर तिला बरं वाटावं म्हणून मॅडमना फोन लावला आन् तिच्या कानाला दिला. आन् आमच्या मॅडम! काय गोड आवाजात सांगत्यात, "आजी, काळजी करू नका, ते सगळं खाऊ शकतात. फक्त थोडं थोडं, सावकाश, दिवसातून पाच-सहा वेळा. आधी डाळ-कडधान्य आणि गोड अगदी चवीपुरतं." मॅडम, मान खाली घालू नका, म्हणला हुता का न्हाय? मामीनं डोळं पुसलं, फोन ठिवला, धोंड्याच्या परातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणली, खायाला चालतंय म्हंजे. एका बैठकीला न्हाय बसत, न्हाय तर न्हाय. महिना पडलाय की सारा.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी, माधवी, पुरणाचं यंत्र, गुळाची ढेप आन् मामी. तवापासनं ती जळोचीत हाय. पोट वाटीएवढं आन् आग्रह घमेल्याएवढा, आन् घमेलं आता माझ्याच घरात मुक्कामाला.

नियमाला पक्की हाय, खोटं न्हाय बोलणार. अधिकात अंडं चालत न्हाय तर हुलग्याची पेज म्हंजे माडगं करती, मटकी करती, ते अर्धी वाटी मोजून आधी. मग धोंड्याचा बोराएवढा घास. पण सा वेळा! आन् म्होरं बसून माझ्या जबड्याकडं बघत ऱ्हाती. चावा. अजून चावा. गिळायची घाई कुणाला झालीया? रातच्याला सपनात बी मी चावतोय ओ. कामावर तरी सुटका असंल म्हणलं, तर रिक्षा करून डबा घिऊन काट्यावर हजर. साखरंचा ट्रक काट्यावर उभा, डायव्हर हॉर्न मारतोय, मी पावती करायला हात उचलतो तर मामी त्यालाच दटावती, गप रं, जावई चावतोय. आता सगळं डायव्हर लांबनंच एकमेकाला इचारत्यात, काटा चालू हाय का जावई चावतोय?

आन् मघाशी मॅडमनी मला हितल्या काट्यावर उभं केलं. गेल्या महिन्याएवढंच वजन. तसूभर इकडं न्हाय, तिकडं न्हाय. मॅडम म्हणत्यात, थांबतं कधीकधी, घाबरू नका, नवीन ध्येय ठरवा. ठरवलंय. लिवून घ्या. मामीला इंदापूरच्या यष्टीत बसवायचं. ह्या जन्मात तेवढं झालं तरी बास. तिच्यावर माझा राग न्हाय, देवाशप्पथ न्हाय, माझ्या आईनं केलं नसंल एवढं करती. पण दम लागलाय ओ मला. जबडा दुखतोय.

आज सकाळी धाडस करून इचारलंच. म्हणलं, मामी, अधिक सरत आला, तिकडं म्हशी वाट बघत असतील. मामी म्हणली, जाईन की. पण मदी वडाची पुनव हाय, आन् म्होरं लगीच आखाड लागतोय. आता आलीच हाय तर लेकीच्या घरचा आखाड तळूनच जाईन, कापण्या, पुऱ्या, गुळाचं काय-बाय. आखाड म्हंजे घरोघरी तळण, आन् ते बी महिनाभर! माझं तोंड बघून तिला दया आली असावी. पाठीवरनं हात फिरवला माझ्या.

"घाबरू नगा, जावईबापू," म्हणली. "कढई बारकीच आणलीया."